निकालानंतर समेट झाला, पैसेही दिले, तरी दरखास्तीची नोटीस का आली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. १२ एप्रिल २०२१ रोजी तुमच्याविरुद्ध ८,४०,००० रुपयांची डिक्री, म्हणजे कोर्टाचा निकालावरचा हुकूमनामा, झाली, डिक्रीच्या तारखेपासून सालाना ६ टक्के व्याजासह. अपील केले नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्यस्थ बसले आणि ६,००,००० रुपयांत प्रकरण मिटवायचे ठरले. त्याच दिवशी दीड लाख रोख दिले, उरलेले साडेचार लाख दीड-दीड लाखाच्या तीन हप्त्यांत बँकेतून. शेवटचा हप्ता ३ जुलै २०२३ रोजी गेला. स्टॅम्प पेपरवर करारनामा आहे, नोटरीचा शिक्का आहे, ‘सहा लाख पूर्ण मिळाल्यावर डिक्री फिटली असे समजावे व डिक्रीदाराने तसे कोर्टात कळवावे’ असे कलमही आहे. (डिक्रीदार म्हणजे ज्याच्या बाजूने डिक्री झाली तो, ऋणको म्हणजे ज्याने पैसे द्यायचे तो, इथे तुम्ही.) कोर्टात मात्र कोणीच काही कळवले नाही. आता जून २०२५ मध्ये नोटीस आली. डिक्रीदाराने दरखास्त, म्हणजे डिक्रीच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल केली आहे, मुद्दल ८,४०,००० आणि चार वर्षांचे व्याज २,०१,६०० मिळून १०,४१,६०० रुपये मागितले आहेत. तुम्ही विचारता, ‘करार हातात असताना हे होऊच कसे शकते?’

होऊ शकते, आणि वारंवार होते. दिवाणी कोर्टात मी जितकी वर्षे काढली त्यात दावा हरून बुडालेल्यांपेक्षा दावा हरल्यावर पैसे देऊन पुन्हा अडकलेल्यांची तोंडे जास्त लक्षात राहिली आहेत. एक गृहस्थ सगळ्या पावत्या लॅमिनेट करून घेऊन आले होते, पावसाने खराब होऊ नयेत म्हणून. न्यायाधीशांनी पावत्यांकडे नजरही टाकली नाही, एवढेच विचारले, “पैसे दिल्यावर कोर्टाला कळवलं होतं का?” गृहस्थ म्हणाले, “साहेब, त्यांनाच दिले ना, कोर्टाला कशाला कळवायचं?” त्यांचे प्रकरण त्या एका उत्तरावर फिरले.

याचे कारण दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश २१ मधील नियम २ मध्ये आहे. डिक्रीचे पैसे कोर्टाबाहेर दिले, किंवा डिक्रीचा दुसऱ्या कोणत्याही प्रकारे पूर्ण वा अंशतः समेट झाला, तर डिक्रीदाराने ते कोर्टाला प्रमाणित करून द्यायचे आणि कोर्टाने त्याची नोंद घ्यायची, हे पोटनियम १. डिक्रीदार गप्प बसला तर ऋणको, किंवा त्याच्यासाठी जामीन राहिलेला माणूस, स्वतः अर्ज देऊन डिक्रीदाराला कारणे दाखवा नोटीस काढायला लावू शकतो, हे पोटनियम २. आणि तुमच्या मानेवर बसलेला पोटनियम ३ सांगतो की अशा रीतीने प्रमाणित न झालेला किंवा नोंदवला न गेलेला भरणा वा समेट, डिक्रीची अंमलबजावणी करणारे कोणतेही कोर्ट विचारात घेणार नाही. भरणा झालाच नाही असे कायदा म्हणत नाही. दरखास्त चालवणाऱ्या कोर्टाने त्याकडे बघू नये, एवढेच म्हणतो. ऋणकोच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

“पण संहितेचे कलम ४७ आहे ना?” असे तुमच्या ओळखीचे वकील म्हणाले असतील. डिक्रीची अंमलबजावणी, फेड किंवा पूर्तता यांबाबत पक्षकारांमधले सगळे प्रश्न दरखास्त चालवणाऱ्या कोर्टानेच ठरवायचे, वेगळा दावा नाही, असे कलम ४७ सांगते हे खरे. मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या निकालात या दोन तरतुदींचा मेळ घालून दिला आहे. कलम ४७ चा व्यापक अधिकार आदेश २१ नियम २ ची मर्यादा सांभाळूनच वापरायचा. नोंद नसलेला समेट कलम ४७ च्या दारातून आत आणता येत नाही.

मुदतीचा घाव याहून खोल आहे. ऋणकोने समेट नोंदवून घेण्यासाठी करायच्या अर्जाला मुदत कायदा, १९६३ चा अनुच्छेद १२५ लागतो. मुदत ३० दिवस, भरणा किंवा समेट झाल्यापासून. १९०८ च्या जुन्या मुदत कायद्यात हीच मुदत ९० दिवस होती. बरे, उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज करावा, तर तोही रस्ता बंद. विलंब माफ करण्याचा अधिकार देणाऱ्या कलम ५ मधून आदेश २१ खालचे अर्ज स्पष्ट शब्दांत वगळले आहेत. आजारपण, अज्ञान, वकिलाची चूक, कोणतेही कारण चालत नाही. तुमचा शेवटचा हप्ता ३ जुलै २०२३ चा, म्हणजे २ ऑगस्ट २०२३ ला तुमचा हक्काचा अर्ज संपला.

इथे एक बारीक मुद्दा आहे आणि तो करारनाम्याच्या शब्दांवर ठरतो. डिक्रीदाराने तुमचे वचन हेच समाधान म्हणून स्वीकारले असेल, म्हणजे ‘या कराराने डिक्री संपली, आता फक्त करार उरला’ असा आशय असेल, तर समेट करारावर सही झाली त्या दिवशीच झाला आणि ३० दिवस तिथून धावतात. उलट वचन पाळल्यावर डिक्री फिटेल असे ठरले असेल तर समेट शेवटच्या हप्त्याच्या दिवशी पुरा होतो. तुमचे कलम दुसऱ्या प्रकारचे आहे. आज मुदतीच्या हिशेबात त्याने फरक पडत नाही, कारण दोन्ही तारखा मागे गेल्या. पण ज्यांचे हप्ते अजून चालू आहेत त्यांनी आपला कागद काढून हे एक वाक्य नीट वाचावे. शिवाय मधला प्रत्येक हप्ता हा स्वतंत्र अंशतः भरणा असतो आणि त्याचेही आपले ३० दिवस असतात.

आता तुमच्या हातात काय उरले ते बघू. बरेच उरले आहे, पण ते क्रमाने आणि थंड डोक्याने वापरावे लागेल.

तुम्हाला आलेली नोटीस बहुधा आदेश २१ नियम २२ ची आहे. डिक्रीच्या तारखेपासून दोन वर्षांहून अधिक काळाने दरखास्त केली की जप्तीआधी ऋणकोला ‘का अंमलबजावणी करू नये’ असे विचारावे लागते. ही नोटीस म्हणजे तुमची संधी आहे. नेमल्या तारखेला हजर राहा, लेखी म्हणणे द्या. ‘बघू, बेलिफ आल्यावर बोलू’ म्हणणाऱ्यांना नंतर जप्तीचे वॉरंट रद्द करण्यासाठी पळापळ करावी लागते.

म्हणणे देण्यापूर्वी दरखास्तीची नक्कल घ्या आणि तिच्यातला एक रकाना शोधा. आदेश २१ नियम ११ प्रमाणे दरखास्तीत डिक्रीदाराला लिहावे लागते की डिक्रीनंतर पक्षकारांमध्ये काही भरणा किंवा समेट झाला आहे का, आणि झाला असल्यास कोणता. तुमच्या दरखास्तीत तिथे बहुधा ‘निरंक’ असणार. या अर्जावर डिक्रीदाराची सही आणि सत्यापन (‘मजकूर खरा आहे’ असे लेखी) असते. तसे असेल तर चार वेळा पैसे घेतलेल्या माणसाने सत्यापनाखाली ‘काही मिळाले नाही’ असे लिहिले. हा रकाना तुमची सर्वांत भक्कम जागा आहे.

त्याचे कारण असे. ३० दिवसांची मुदत ऋणकोच्या अर्जाला आहे. डिक्रीदाराने स्वतः भरणा प्रमाणित करण्याला मुदत नाही, तो आजही करू शकतो. तेव्हा तुमचा सगळा रोख एकाच गोष्टीवर हवा: डिक्रीदाराच्या तोंडून किंवा त्याच्या लेखणीतून पैसे मिळाल्याची कबुली कोर्टासमोर आणणे. म्हणण्यासोबत बँकेचा उतारा जोडा, प्रत्येक व्यवहाराची तारीख, रक्कम आणि व्यवहार क्रमांक यांचा तक्ता करा, करारनाम्याची मूळ प्रत दाखल करा आणि कोर्टाला विनंती करा की डिक्रीदाराने या चार नोंदींपैकी प्रत्येकीबाबत शपथपत्रावर ‘मिळाली’ किंवा ‘मिळाली नाही’ असे सांगावे. मोघम नको, नोंद क्रमांक अमुक, रक्कम अमुक. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून स्वतःच्या पासबुकातली ओळ नाकारणे सोपे नसते. ‘ते पैसे दुसऱ्या व्यवहाराचे होते’ हा ठरलेला बचाव येईल. तेव्हा विचारायचे, कोणता व्यवहार, त्याचा कागद कुठे, आणि करारातल्या हप्त्याच्या तारखांशी रक्कम तंतोतंत कशी जुळली?

रोख दिलेले दीड लाख हा तुमचा कच्चा दुवा. करारात ‘आज रोजी रोख मिळाले’ असे लिहून डिक्रीदाराची सही असेल तर बरे, कारण नियम २ चा पोटनियम २-अ कागदोपत्री पुरावा ग्राह्य धरतो. हा पोटनियम १९७६ च्या दुरुस्तीने आला. ऋणकोच्या सांगण्यावरून नोंद करायची तर तीनच वाटा ठेवल्या: नियम १ च्या पद्धतीने, म्हणजे बँक, मनीऑर्डर किंवा लेखी पुरावा राहील अशा रीतीने दिलेले पैसे, कागदोपत्री पुरावा, किंवा डिक्रीदाराची कबुली. ‘पंचांसमोर दिले’ ही तोंडी साक्ष तेव्हापासून बाद आहे. तुमच्या बाबतीत अडचण पुराव्याची नाही, मुदतीची आहे, हे विसरू नका. म्हणूनच कबुलीचा आग्रह.

फसवणुकीचा मुद्दाही लेखी म्हणण्यात घ्या. डिक्रीदाराने ‘मी कोर्टात कळवतो’ असे लिहून दिले, तुम्ही विसंबलात, त्याने कळवले नाही आणि दोन वर्षांनी पूर्ण रकमेची दरखास्त केली. मुदत कायद्याच्या कलम १७ प्रमाणे अर्ज समोरच्याच्या फसवणुकीवर आधारलेला असेल तर ती फसवणूक कळेपर्यंत मुदत सुरू होत नाही, आणि हे कलम अर्जांनाही लागते. त्यामुळे नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत नियम २ खालचा रीतसर अर्ज देऊन ठेवा, मुदतीबाबत कलम १७ चा आधार घ्या. नुसते न कळवणे म्हणजे फसवणूक नव्हे असे समोरून येईलच, आणि त्यात दम आहे. तेव्हा हा अर्ज जिंकेलच असे मी म्हणणार नाही, पण न दिलात तर पुढे वरच्या कोर्टातही हा मुद्दा उचलायला जागा राहणार नाही.

पोलीस स्टेशनला जायचा मोह होईल. जाऊ नका, निदान आधी नको. फिटलेली डिक्री कपटाने पुन्हा बजावणे हा गुन्हा आहे, जुन्या भारतीय दंड संहितेत कलम २१०, आता भारतीय न्याय संहितेत कलम २४७. पण या गुन्ह्याची दखल संबंधित कोर्टाच्या लेखी तक्रारीशिवाय घेता येत नाही. तेव्हा अर्ज त्याच कोर्टात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली. हा अर्ज मी सहसा लगेच देत नाही. आधी शपथपत्र मागतो. ‘निरंक’ हा शब्द खोटा ठरला तर काय होऊ शकते, हे समोरच्या वकिलांना समजते आणि ते आपल्या पक्षकाराला कोर्टाच्या आवारातल्या झाडाखाली बाजूला घेऊन समजावतात. निम्मी प्रकरणे त्या झाडाखाली मिटतात.

आकडेही डोळ्यासमोर ठेवा, म्हणजे कुठवर ताणायचे ते कळेल. काहीच मान्य झाले नाही तर मागणी १०,४१,६०० आणि पुढचे व्याज. समेट पूर्ण नोंदवला गेला तर शून्य. या दोन्हींच्या मध्ये एक शक्यता आहे, ती लोक विसरतात. डिक्रीदार पैसे मिळाल्याचे कबूल करील पण म्हणेल, ‘हप्ते ठरल्या तारखेला आले नाहीत, म्हणून सूट गेली, पूर्ण डिक्री कायम.’ तसे झाले तर सहा लाख वळते होतील. डिक्रीत वेगळे काही नसेल तर वळते करताना आधी व्याज, मग खर्च, मग मुद्दल असा क्रम लागतो. तुमचे हप्ते जानेवारी, एप्रिल आणि जुलै २०२३ च्या ३ तारखांना गेले असे धरले आणि दाव्याचा खर्च बाजूला ठेवला, तर ३ जुलै २०२३ ला मुद्दल साधारण ३ लाख ४२ हजार उरते. म्हणजे साडेदहा लाखांचा धोका पावणेचार-चार लाखांवर येतो. हप्ते वेळेवर दिल्याचे बँक उतारा दाखवत असेल तर हाही धोका जातो. एखादा हप्ता चार दिवस उशिरा गेला असेल तर तो डिक्रीदाराने तक्रार न करता घेतला होता का, ते बघा. व्हॉट्सॲपवरचा ‘मिळाले, धन्यवाद’ हा संदेश जपून ठेवा, फोन बदलू नका.

आणि हे सगळे फसले तर? नोंद न झालेला समेट दरखास्त चालवणारे कोर्ट बघत नाही, पण करार म्हणून तो मरत नाही. डिक्रीदाराने पैसे घेऊन, कळवण्याचे वचन मोडून, पुन्हा वसुली केली तर दुसऱ्यांदा गेलेली रक्कम किंवा करारभंगाची नुकसानभरपाई मागण्याचा स्वतंत्र दावा करता येतो, ही भूमिका उच्च न्यायालयांनी जुन्या काळापासून मान्य केली आहे. ‘दरखास्त थांबवा’ अशी मनाई मागणारा दावा मात्र कलम ४७ मुळे अडतो. म्हणजे आधी भरा, मग भांडा. कोर्ट फी पुन्हा, वर्षे पुन्हा. म्हणून हा शेवटचा मार्ग.

आता डिक्रीदारांसाठी थोडे, कारण हाच करार उलटा त्यांच्याही अंगावर येतो. समजा तुम्ही दहा लाखांची डिक्री सातावर सोडायला तयार झालात, ऋणकोने दोन हप्ते दिले आणि गायब झाला. कागदात चूककलम, म्हणजे हप्ता चुकल्यास काय ते सांगणारे कलम, नसेल तर पहिला वाद हाच की आता वसूल काय करायचे, सात लाखांतले उरलेले की दहा लाखांतले? ‘वेळेत सात दिल्यास तीन लाखांची सूट, चुकल्यास पूर्ण डिक्री कायम’ असे कलम असेल तर तो दंड ठरत नाही. देणे मुळात दहाच लाख होते, दिलेली सवलत अट न पाळल्याने गेली. पण डिक्री दहा लाखांची असताना ‘चुकल्यास पंधरा लाख’ असे लिहिले, तर ते करार कायद्याच्या कलम ७४ खाली दंड म्हणून तपासले जाईल. तेव्हा शब्द सवलतीचे ठेवा, शिक्षेचे नव्हे. नवी मुदत देण्याच्या मोबदल्यात जादा व्याज ठरवता येते, आणि डिक्रीनंतरच्या अशा कराराचा परिणाम दरखास्तीतच ठरवायचा, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, १९३९ मध्येच सांगून ठेवले आहे.

डिक्रीदाराच्या खऱ्या फशी पडण्याची जागा म्हणजे बारा वर्षे. डिक्री बजावण्याची मुदत मुदत कायद्याच्या अनुच्छेद १३६ प्रमाणे १२ वर्षे. पुष्कळांना वाटते की ऋणकोने मध्ये कधी देणे कबूल केले किंवा थोडे पैसे दिले की घड्याळ नव्याने सुरू होते. उधारीच्या दाव्यात होते, डिक्रीत नाही. मुदत कायद्याच्या कलम १८ च्या स्पष्टीकरणाने डिक्रीच्या दरखास्तीला कबुलीचा फायदा नाकारला आहे, आणि कलम १९ मधल्या ‘ऋण’ या शब्दात कोर्टाच्या डिक्रीचे पैसे येत नाहीत असे तिथेच लिहिले आहे. मी अशी एक फाइल पाहिली आहे जिच्यात ऋणकोने नऊ वर्षे दर दिवाळीला थोडे थोडे पैसे देऊन डिक्रीदाराला गोड ठेवले होते. डिक्रीच्या तेराव्या वर्षी पैसे बंद झाले आणि डिक्रीही. मात्र अनुच्छेद १३६ मध्ये एक फट मुद्दाम ठेवलेली आहे: डिक्रीने किंवा नंतरच्या आदेशाने ठराविक तारखेला वा ठराविक काळाने पैसे द्यायला सांगितले असेल, तर ज्या भरण्यासाठी दरखास्त आहे तो चुकल्यापासून मुदत मोजतात. आदेश, खासगी करार नव्हे. म्हणून हप्ते ठरले असतील तर ते कोर्टाच्या आदेशात उतरवून घेणे डिक्रीदाराच्याही फायद्याचे आहे. डिक्री नुकतीच झाली असेल तर आदेश २० नियम ११ खाली, डिक्रीदाराच्या संमतीने, हप्त्यांचा आदेश मागता येतो. त्या अर्जाची मुदत डिक्रीपासून ३० दिवस, अनुच्छेद १२६.

ताब्याच्या डिक्रीत समेटाचे शब्द आणखी जपून. भाडेकरूविरुद्ध ताबा मिळाला, मग मालकाला दया आली किंवा पैशाची गरज पडली आणि ‘आणखी तीन वर्षे राहा, दरमहा १२,००० भाडे द्या’ असे लिहून दिले. तीन वर्षांनी ताबा वॉरंट काढले तर भाडेकरू म्हणतो, ‘नवी भाडेपट्टी झाली, जुनी डिक्री संपली.’ सर्वोच्च न्यायालयाने २००० साली अशा प्रकारात सांगितले की डिक्री विझवायचा हेतू होता की फक्त अंमलबजावणी पुढे ढकलायचा, हे कराराच्या मजकुरावरून आणि वागणुकीवरून बघायचे. मग तो हेतू आधीच लिहून का ठेवू नये? ‘डिक्री कायम आहे, केवळ ताबा देण्यास अमुक तारखेपर्यंत मुदत दिली आहे, दरम्यानची रक्कम वापराची नुकसानभरपाई आहे, भाडे नव्हे, व त्यातून नवे भाडेनाते निर्माण होत नाही’ ही चार वाक्ये लिहायला पाच मिनिटे लागतात. आणि पावतीबुकावर ‘भाडे मिळाले’ असे छापलेले असते, ते खोडायला विसरू नका.

पैशांऐवजी जमीन किंवा फ्लॅट देऊन डिक्री फेडायची असेल तर नुसता समेट पुरत नाही. कोर्टाने समेटाची नोंद घेतली म्हणून मिळकतीचा मालकीहक्क आपोआप जात नाही, नोंदणीकृत खरेदीखत करावेच लागते. ऋणकोने ते करून दिले नाही तर पैशाच्या डिक्रीची दरखास्त चालवणारे कोर्ट त्याला खरेदीखत करायला लावणार नाही. त्यासाठी वेगळा दावा, नाहीतर पुन्हा पैशाची वसुली.

लिलाव होऊन गेल्यावर समेट करणाऱ्यांना तर मी आधी तारीख विचारतो. लिलाव झाला की बोली घेणारा तिसरा माणूस आत येतो आणि तुम्ही दोघांनी हात मिळवले म्हणून त्याचा हक्क उडत नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने १९३० मध्ये ठरवले. तिथे आदेश २१ नियम ८९ वापरावा लागतो. लिलावापासून ६० दिवसांत जाहीरनाम्यातली डिक्रीची रक्कम आणि खरेदीदारासाठी खरेदी रकमेच्या ५ टक्के कोर्टात भरून विक्री रद्द करून घ्यायची.

मग समेट बांधायचा कसा? अपील चालू असेल तर अपिलातच बांधा. अपिलात आदेश २३ नियम ३ प्रमाणे लेखी, उभय पक्षांच्या सह्यांची तडजोड दाखल केली की तिची नवी डिक्री होते आणि तीच बजावता येते. दरखास्तीच्या कामात मात्र आदेश २३ लागतच नाही, त्याच आदेशाच्या नियम ४ ने तो वगळला आहे. अनेक नवे वकील दरखास्तीत आदेश २३ नियम ३ लिहून अर्ज देतात. बहुतेक कोर्टे समजून घेतात, पण मथळा आदेश २१ नियम २ चाच हवा. दरखास्त प्रलंबित असेल तर लोकअदालतीत ठेवायला सांगा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ प्रमाणे तिथला निवाडा दिवाणी कोर्टाची डिक्री मानला जातो आणि त्यावर अपील नाही. माझ्या मते हप्त्यांच्या समेटासाठी इतकी सोयीची दुसरी जागा नाही.

दरखास्तच नसेल, तर डिक्री देणाऱ्या कोर्टात किरकोळ अर्ज करा. सर्वांत सोपी रीत म्हणजे पैसे देण्याच्या दिवशीच पूर्ततेची पुरसिस (पक्षकाराचे कोर्टाला लेखी निवेदन) तयार ठेवणे. तिच्यात दाव्याचा क्रमांक, डिक्रीची तारीख, मिळालेली रक्कम, कशी मिळाली, आणि ‘डिक्री पूर्ण फिटली’ किंवा ‘अमुक रकमेपुरती फिटली’ हे स्पष्ट. डिक्रीदाराची सही त्याचे वकील ओळखतात, डिक्रीदार जातीने हजर राहतो, कोर्ट त्याला विचारते, कागदावर निशाणी (कोर्टाचा क्रमांक) पडते, रोजनाम्यात (प्रकरणाच्या कोर्टातल्या नोंदवहीत) ओळ येते. शेवटच्या हप्त्याचा धनादेश किंवा बँक ट्रान्सफर कोर्टाच्या व्हरांड्यात, पुरसिसवर सही झाल्यावर. हे थोडे व्यापारी वाटते, पण मी याशिवाय पक्षकाराला शेवटचा हप्ता देऊ देत नाही. नंतर रोजनाम्याची आणि पुरसिसची प्रमाणित नक्कल काढा. जमिनीवर जप्ती असेल तर पूर्तता प्रमाणित झाली की आदेश २१ नियम ५५ प्रमाणे जप्ती उठली असे मानले जाते, पण सातबाऱ्यावरच्या इतर हक्कांतली नोंद आपोआप पुसली जात नाही. कोर्टाचे पत्र घेऊन तलाठी कार्यालयात जावे लागते, आणि दोनदा जावे लागते.

डिक्रीदार अनेक असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या. एका भावाला पैसे दिले म्हणून दुसऱ्याचे देणे फिटत नाही. डिक्रीदारांत कोणी अज्ञान (वयाने सज्ञान नसलेला) असेल तर पालकाने कोर्टाची परवानगी घेतल्याशिवाय सूट देऊ नये आणि तुम्हीही घेऊ नये. पैसे वकिलांच्या हाती देणार असाल तर वकीलपत्रात रक्कम स्वीकारण्याचा अधिकार लिहिला आहे का, ते वाचा.

हप्त्यांसाठी पुढच्या तारखांचे धनादेश घेणे डिक्रीदाराला सोयीचे, कारण धनादेश वटला नाही तर दरखास्तीखेरीज परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ ची फौजदारी तक्रारही उभी राहते. मात्र तिथे बँकेकडून परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची आणि नोटीस मिळाल्यावर ऋणकोला १५ दिवस द्यायचे, हे वेळापत्रक पाळा.

तुमच्यासाठी पुन्हा. उद्या तीन कामे करा: दरखास्तीची नक्कल मागा, बँकेतून ऑक्टोबर २०२२ ते जुलै २०२३ चा शिक्का असलेला उतारा घ्या, आणि करारनाम्याची मूळ प्रत कोणाकडे आहे ते शोधा. मध्यस्थाकडे असेल तर आजच आणा. नोटिशीवर मिळाल्याची तारीख पेनाने लिहून ठेवा, कलम १७ चा अर्ज तिथून मोजला जाईल. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितल्यापासून तारखा जवळ पडतात, त्यामुळे ‘पुढच्या तारखेला देऊ’ हे कोर्टात पूर्वीसारखे चालत नाही. रकाना ‘निरंक’ आहे की दुसरे काही लिहिले आहे ते कळले की पुढचा मसुदा सांगतो. तिथे चुकूनही ‘अंशतः रक्कम मिळाली’ असे लिहिले असेल तर ती कबुलीच आहे, आणि मग आपली निम्मी लढाई त्यांनीच लढून दिली.